उलट्या चावीचं शहर

४ मार्च, मंगळवार

मी इकडे पोलीस चौकीच्या बाकावर बसून होते आणि तू तिकडे तुझ्या बाबांना चहा करून देत होतीस. हवालदार विचारत होता, अंगावर काही खूण? मी म्हटलं, उजव्या अंगठ्याचं नख अर्धंच आहे, कानशीने गेलेलं. तो म्हणाला, आजी, लांबून दिसेल अशी खूण सांगा. नवरा हरवला की बायकोला काय काय विचारतात ते तुला कळायचं नाही. तुझ्या एका ओळीने सगळं थांबलं असतं. ओळ तू लिहिलीस, पण तुझ्या सवडीने.

पोरी, पत्र मिळालं. सगळे बरे आहात असं धरून चालते.

तू लिहितेस, बाबा समेट करायला आले असं तुला वाटलं. दारात उभे राहिले, चपला काढल्या, रोजच्यासारख्या कोपऱ्यात सरकवल्या आणि सरळ जावयांच्या कामाच्या बाकावर जाऊन बसले. तू रडलीस. जावई उठून उभे राहिले. म्हाताऱ्याचा राग गेला असं सगळ्यांनी धरलं. मग त्यांनी तुला विचारलं, 'सूनबाई, शेजारी नवीन आलात का?' तेव्हा तुला कळलं, की राग गेला नाही, तूच गेलीस त्यांच्या डोक्यातून.

मग तरी लगेच कळवायचंस. लिहितेस, 'वाटलं, एक दिवस बघू.' काय बघायचं होतं? इतकी वर्षं तोंड न बघणारा बाप घरात येऊन बसलाय तर जरा डोळे भरून बघून घेऊ, असंच ना? समजले मी. समजले म्हणजे सोडून दिलं असं नव्हे.

आणि फोन करत जाऊ नकोस. तुझा दादा फोन माझ्या कानाला लावतो आणि मला नुसती माशी फिरल्यासारखी गुणगुण ऐकू येते. लिही. मी चौथी शिकलेय, तुझं अक्षर कितीही घाणेरडं असलं तरी लावते.

ते तिकडे कसे पोचले विचारतेस. आपली कुलुपांची आळी पाडली हे तुझ्या कानावर असेलच, पुलापलीकडच्या तुम्हा लोकांना आपली वाईट बातमी आपल्याआधी कळते. रस्ता रुंद केला. आम्हाला चौथ्या मजल्यावर दोन खोल्या दिल्या. दाराला चावी नाही. आकडे दाबायचे, मग दार टुंग करून उघडतं. ज्याने जन्मभर गावाला कुलपं पुरवली त्याला स्वतःच्या दारात आकडे आठवेपर्यंत उभं राहावं लागतं. तुझी वहिनी आतून ओरडायची, 'मामंजी, शेवटचा सात.' त्यांना सात आठवायचा, पहिले विसरायचे.

रोज सकाळी डबा घेऊन खाली उतरायचे आणि आळी शोधायचे. मी मागून. आळीच्या जागी मोटारी उभ्या असतात आता. एका मोटारीच्या काचेवर टकटक करून म्हणायचे, 'जरा बाजूला घेता का? आमचं दुकान आहे इथे.' मोटारवाला बिचारा घ्यायचासुद्धा. खाली डांबर.

त्या दिवशी माझा डोळा चुकवून पुलावरच्या बसमध्ये बसले. पलीकडे उतरले तर घड्याळाचा मनोरा आहे, मनोऱ्यामागे भाजीबाजार, भाजीबाजारामागच्या वळणावर कुलुपांची आळी. जशीच्या तशी. ठोकाठोकी चाललेली. माणसाला आणखी काय पाहिजे?

तुमच्या लोकांनी आपलं शहर बघून तुमचं बांधलं असं हे जन्मभर म्हणत आले. तुमचे म्हणतात, आम्ही तुमचं बघून बांधलं. भांडा आता. फरक म्हणून काय तो एक. आपलं कुलूप चावी उजवीकडे फिरवली की उघडतं, तुमचं डावीकडे. तेवढ्यावरून हे म्हणाले होते, उलट्या चावीच्या घरात मुलगी देणार नाही. तू दिल्याशिवायच गेलीस.

दादा शनिवारी सकाळच्या बसने येईल. त्यांना तयार ठेव. स्वेटर घाल, नको म्हणतील, तरी घाल. दादाशी भांडायचं असेल तर त्यांच्यासमोर नको.

आई


११ मार्च, मंगळवार

शाबास तुमच्या आळीची. माझ्या नवऱ्याला माझ्या मुलापासून वाचवलंत.

दादा एकटा परत आला. आला तो थेट न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बसला. बादली भरून वाहायला लागली तरी बाहेर येईना. तुझी वहिनी म्हणाली, पाणी वाया जातंय. मी म्हटलं, आज जाऊ दे.

मग जेवताना बोलला. बाबांनी त्याला विचारलं म्हणे, 'तुम्ही पलीकडचे ना? बुटांवरून कळतं. पलीकडची माणसं बुटांना पुढून पॉलिश करतात आणि मागून टाचा झिजू देतात.' दादाने ताट सरकवून बूट आणले आणि मला उलटे करून दाखवले. झिजल्यात टाचा, खोटं कशाला बोला. त्याने हाताला धरून उठवायला बघितलं तर ओरडले, आणि सगळी आळी हातोड्या घेऊन दारात. 'म्हाताऱ्याला कुठे ओढतोस रे?' दादा म्हणाला, माझे वडील आहेत. एकजण म्हणाला, 'हे तुला ओळखत नाहीत, आम्ही ह्यांना ओळखतो.' आठवड्याची ओळख. आता त्यावर रोज नवीन उत्तर सुचतं माझ्या मुलाला आणि ते तो मला ऐकवतो.

तू मध्ये पडलीस असं तो म्हणाला. तुझं नाव घेऊन म्हणाला. पुष्कळ वर्षांनी घेतलं.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली. बाबा बसून कुलपं करतात आणि ती सगळी उजवीकडे उघडतात. तुमचा दूधवाला नवीन कुलूप लावून गेला आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच दुकानाबाहेर चावी डावीकडे पिळत बसला, दूध नासलं, मग येऊन जावयांच्या नावाने शंख केला. आता बाबा जेवायला उठले की जावई गुपचूप त्यांची कुलपं खोलतात आणि आतला खटका उलटा बसवतात.

मला हसू आलं. त्या चौकीच्या बाकापासून पहिल्यांदा आलं.

पोरी, हात अजून इथला आहे. डोकं काय वाटेल ते म्हणू दे, हाताला ठाऊक आहे आपण कुठले ते. हात जागेवर आहे तर माणूस मागून येईल. म्हणून जावयांना सांग, मी सांगितलंय म्हणून सांग: त्यांच्या पाठीमागेसुद्धा एकही खटका उलटा बसवू नका. त्यांना 'इथे डावीकडे फिरवतात' असं म्हणू नका. दूधवाल्याची समजूत काढा. तुमच्या आळीचं थोडं नाव खराब झालं तर होऊ दे, आमची आळीच गेली.

तुमचा डॉक्टर म्हणतो, ओढाताण करू नका. इथल्याला विचारलं तर तोही तेच म्हणाला. दोन शहरांचं ह्या एकाच गोष्टीवर जमलंय.

दादाला परत पाठवत नाही. मी येते.

आई


२१ मार्च, शुक्रवार

मी वाट न विचारता तुझ्या दारात आले ह्याचं तुला एवढं नवल कशाला वाटलं? बसमधून उतरले आणि पाय आपले आपण चालले. भाजीवालीसुद्धा तीच, म्हणजे तसलीच, पिशवीत वरून चांगला माल घालून खाली सडका भरणारी. वळणावर वळले तर आळी. इकडे रोज त्या जागेवरून जाते आणि मला आमचं घर नेमकं कुठे होतं ते सांगता येत नाही. तुमच्याकडे सांगता आलं. मला राग आला त्याचा, आणि तो मी तुझ्या उंबऱ्यावर काढला. तू म्हणालीस, इतक्या वर्षांत आज पूल दिसला का तुला. ऐकलं ते. त्याचं उत्तर ह्या पत्रात नाही.

तुझी मुलगी मला आवडली हे तिला सांगू नकोस. वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, 'तू पलीकडची आजी ना? आई म्हणते तू फार बोलतेस.' मी विचारलं, 'आणि आई?' म्हणाली, 'ती पण.' नाक तुझं आहे. जीभ कुणाची ते विचारू नकोस.

तुम्ही सगळे मुद्दाम आत गेलात आणि चहाला इतका वेळ लावलात, तेव्हा बाहेर काय बोलणं झालं ते लिहिते. तुला माहीत असावं.

मी समोरच्या स्टुलावर बसले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, 'बसा. काय बिघडलंय?'

मी म्हटलं, 'बरंच.'

'कुलूप आणलंय?'

'नाही.'

'मग बघू काय? कुठून आलात?'

'पुलापलीकडून.'

हसले. 'तरीच. तिकडच्या बायका कुलूप घरी ठेवतात आणि तक्रार तेवढी घेऊन येतात.'

हे ते आपल्या आळीत बसून तुमच्या बायकांबद्दल बोलायचे. तोच सूर, शेवटी तोच खाकरा. पूर्वी मी ह्यावर हसायचे, म्हणून आताही हसले. त्यांना बरं वाटलं. म्हणाले, 'थांबा थोडं. घरची भाजीला गेलीय. येईलच. तिला भेटून जा, तिला बोलायला कुणीतरी लागतंच.'

'स्वभावाने कशी आहे?' मी विचारलं. हा प्रश्न मी करायला नको होता.

दाराकडे बघून आवाज खाली केला. 'तुम्ही परक्या म्हणून सांगतो. जिभेला कानस मारून ठेवलीय. ती आली की जपून बोला.' मग पुन्हा हातातलं काम बघायला लागले. थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाले, 'पण ती नसली की मला घरातलं काही सापडत नाही.'

मी बसून राहिले. ते दाराकडे बघायचे, मीही बघायचे. किती वेळ लावते ही बाई, असं मलाही वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात त्यांचं कुलूप झालं. चावी घातली. मी पुढे वाकून बघत होते, त्यांना वाटलं गिऱ्हाईक बघतंय, म्हणून त्यांनी माझ्याकडे करून फिरवली. डावीकडे फिरवली. खट करून उघडलं.

जावई चहा घेऊन आले तेव्हा मी त्यांना तिथेच विचारलं, 'तुम्ही शिकवलंत?' ते म्हणाले, 'नाही हो सासूबाई. परवापासून त्यांचं त्यांनीच.' मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. खोटं बोलणारा माणूस नाही तो. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

मी चहा न पिता उठले असं तू म्हणालीस. अर्धा प्यायले. निघताना त्यांनी विचारलं, 'ती आली की कोण आलं होतं म्हणून सांगू?' मी माझं नाव सांगितलं. ते एकदम खूश झाले. 'अरे, तिचंही हेच.' मग मला पायरी उतरायला हात दिला. मला घरात कधी हात दिला नव्हता त्यांनी. परक्या बाईला देतात.

पत्र टाक. काय खातात, किती खातात, ते लिही.

आई


६ एप्रिल, रविवार

तुला सत्य सांगायची एवढी घाई कशाला झाली होती? मी दुसऱ्यांदा आले, परक्यासारखी स्टुलावर बसले होते, बोलणं नीट चाललं होतं. तू मध्येच येऊन म्हणालीस, 'बाबा, अहो हीच ती. हीच आई.' तू रात्रभर झोपली नव्हतीस हे दिसत होतं, म्हणून ते आता लिहिते. ते बाकामागे जाऊन उभे राहिले आणि कानस पुढे धरली. 'ह्या वयात मला दुसरीच बाई आणून दाखवता?' असं म्हणाले. त्यांचा राग मी खूप बघितलाय, त्याच्यावर मी संसार केला. भीती कधी बघितली नव्हती. आणि ती त्यांना माझी वाटत होती.

तुझं पत्र काल आलं. संध्याकाळी जेवत नाहीत. घरची येऊ दे म्हणतात आणि ताट तसंच राहतं. अंगरखा खांद्यावरून ओघळायला लागलाय. दार उघडं दिसलं की पुलाकडे चालायला लागतात, आणि परवा बससमोर उभे राहून ड्रायव्हरला विचारत होते, आमची घरची ह्यातून उतरली का. ड्रायव्हर उतरून त्यांना घरापर्यंत घेऊन आला. पलीकडचा की अलीकडचा ते तू लिहिलं नाहीस. जिथला असेल तिथला, त्याला माझा नमस्कार सांग. पुढच्या वेळी ब्रेक लागेलच असं नाही.

तू म्हणतेस, इकडे राहायला ये. येऊन काय करू? रोज समोर बसून त्यांना घाबरवू? की पलीकडची बाई म्हणून त्यांच्याबरोबर माझी वाट बघू? दादा म्हणतो, आपणच त्यांना इकडे आणू, दाराला जुनं कुलूप लावू. वहिनी म्हणते, नवीन डॉक्टर बघू. सगळे चांगलं बोलतात. मी ऐकते आणि मान हलवते, कारण कुणाच्याच बोलण्यात ते जेवत नाहीत.

मला सुचलं ते केलंय. पाकिटात दुसरा कागद आहे, घडी घातलेला. तो त्यांच्या हातात दे. तू देऊ नकोस, पोस्टमनला सांग दारात हाक मारून द्यायला. वाचता येतं म्हणतेस अजून, तर त्यांना वाचू दे, मागे उभी राहू नकोस. त्यांच्या लेखी ते आपल्याच घरी आहेत आणि मी गेलेली आहे. तर मग मी गेलेली आहे, पुलापलीकडे.

त्यात मी आपल्या शहराबद्दल जे लिहिलंय ते जावयांना दाखवू नकोस, आळीत वर्षभर पुरेल त्यांना. लिहायला बसले तेव्हा हात चालेल असं वाटलं नव्हतं. पण तुमच्याबद्दल जे जे आयुष्यभर म्हणत आले तेच इथलं म्हणून लिहीत गेले, आणि कुठे अडलं नाही.

आई


६ एप्रिल

अहो,

मी पलीकडे आलेय, लेकीकडे. विचारलं असतं तर तुम्ही पाठवलं नसतंत, म्हणून भाजीला जाते सांगून निघाले. पिशवी दाखवायला घेतली होती. तिला बरं नाही. घर तिला एकटीला ओढवत नाही. एवढ्यात परत येणं होत नाही असं दिसतं. तुम्ही चिडाल हे धरूनच लिहिते आहे.

तुम्ही ह्या शहराबद्दल जे म्हणायचात ते खरं आहे. इथे माणसं लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभी राहतात. पाण्याला गंजाचा वास आहे. वाणी वजन करताना मुद्दाम बोलत राहतो, म्हणजे आपलं लक्ष काट्यावर नको. शेजारीण साखर मागायला येते ती हात हलवत, मग आपलीच वाटी द्यायची, आणि ती वाटी जन्मात परत येत नाही. रस्ते एवढे रुंद केलेत की समोरच्या बाजूचं माणूस ओळखू येत नाही. कुलपं तर बघवत नाहीत. मला इथे करमत नाही. पण लेक आपली आहे, कुठेही दिली तरी. दिली नाही तरी.

आता ऐका. पुलावर यायचं नाही. मी कोणत्या बसने येईन ते माझं मलाच ठाऊक नाही, तर तुम्हाला कुठून कळणार? बसच्या पुढ्यात उभं राहिलं म्हणून मी लवकर उतरणार नाही.

संध्याकाळी जेवायचं. माझं झाकून ठेवायला सांगा आणि आपलं जेवून घ्या, मी आले की माझं मी वाढून घेईन. शेजारची सूनबाई जे वाढेल ते नावं न ठेवता खा. चांगल्या घरची आहे ती. तिच्या मुलीला कानस धरायला शिकवलीत तर बरं होईल, दिवसभर नुसती तोंड चालवते. सूनबाईच्या नवऱ्यावर खेकसू नका. त्याच्या दुकानात तुम्ही बसता, लक्षात ठेवा. चष्मा खिडकीतल्या फळीवर ठेवत जा, म्हणजे शोधावा लागणार नाही. स्वेटर घाला.

दुकानात एक बाई येऊन जाते असं कळलं. पलीकडची, म्हातारी. परत आली तर घाबरू नका. कानस खाली ठेवा आणि तिला बसू द्या. काही न्यायला येत नाही ती.

उत्तर तुम्ही लिहायचं. शिव्या घालायच्या असतील तर घाला, मी वाचेन, पण तुमच्याच अक्षरात पाहिजेत. सूनबाईला सांगून लिहून घेतलंत तर मी पाकीट उघडणार नाही.